टाके येणारी सिस्टर

डोंग्यात उभं राहायचं नसतं, हे मला डोंग्यात उभं राहिल्यावर कळलं. पलीकडच्या घाटावरून फादर कुरियाकोस हात हलवत होते. त्यांना प्रतिसाद द्यावा म्हणून मी उठलो, आणि वैनगंगेने मला, माझ्या चष्म्याला आणि फादरांसाठी आणलेल्या बिनसाखरेच्या बिस्किटांना एकदमच पोटात घेतलं. पाणी कंबरेएवढंच होतं, त्यामुळे बुडण्याचा मान काही मिळाला नाही. पण पडता पडता डोंग्याच्या काठाला ठोकलेल्या लोखंडी पट्टीने माझा तळहात बाहीसकट असा फाडला, की घाटावर भांडी घासणाऱ्या बायांच्या हातातली राख हातातच राहिली.

त्यांतल्या एकीने लुगडं वर खोचलं, पाण्यात उतरली आणि मला कॉलर धरून वर ओढलं. साठीच्या आसपासची, काळीसावळी, बांधा बारीक. पण पकड अशी, की कॉलर गेली तरी चालेल, माणूस सुटायचा नाही.

"डोंगा होय जी हा, एसटी नोहे," ती म्हणाली.

"मावशी," मी म्हणालो, "जरा सिस्टरकडे घेऊन चला. दोन-तीन टाके घालावे लागतील."

बायांनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग सगळ्यांनी मिळून तिच्याकडे पाहिलं. डोंगेवाला म्हातारा उगाच वल्हं उलटसुलट करून बघायला लागला. फादरांचा इतका वेळ हवेत असलेला हात खाली आला. तिने माझा तळहात पाहिला, लोंबणारी बाही पाहिली आणि विचारलं,

"टाके कायले पायजे? शर्टाले का हाताले?"

"हाताला हो!"

"मंग मोहाडीले जा. इथी शर्टाले मारून भेटतात."

हाताला फडकं गुंडाळून डोंगेवाल्या सेवकरामांनी मला आल्या वाटेने परत नेलं, मोहाडीच्या दवाखान्यात टाके घातल्यावर पुन्हा आणलं, आणि या दोन्ही खेपांत शर्ट आणि हात यांची अर्धी गोष्ट सांगितली. उरलेली मला मिशनच्या स्वयंपाकघरात बसून मिळाली. कॉलर धरणारी बाई म्हणजे सेवकरामांची बायको कौशल्याबाई, आणि ही गोष्ट तिचीच आहे.

*

सावरटोल्याला आसपासचे लोक गाव म्हणत नाहीत, टापू म्हणतात. पूर्वी नदी पावसाळ्यापुरता वेढा घालायची. खाली धरण झालं, तसं पाणी बाराही महिने बसून राहिलं. दिवाळीला आलेला पाहुणा होळीपर्यंत हलू नये तसं. बरीच घरं उठून गेली. जी राहिली ती धान पिकवतात, मासे धरतात आणि काहीही हवं असलं की सेवकरामांच्या नावाने हाक मारतात. मधल्या टेकाडावर मिशन आहे: धान्याच्या गोदामाएवढं चर्च, दोन खोल्यांचा दवाखाना आणि मागे धुराने काळं झालेलं स्वयंपाकघर. टापूवर ख्रिस्ती कोण, तर फादर आणि सिस्टर. बाकी सगळे मारोतीचे. नाताळचा केक खायला मात्र एक घर चुकत नाही.

भूपेंद्र नुकता शाळेत जायला लागला होता, तेव्हा कौशल्याबाई मिशनमध्ये स्वयंपाकाला लागल्या. त्याच सुमाराला केरळातून फादर आले. कुरियाकोस हे नाव टापूच्या जिभेवर काही बसेना. अर्धं नाव नदीत गेलं आणि 'कोस' तेवढा राहिला. आणि कोसा रेशमाची लुगडी विणणाऱ्या या जिल्ह्यात कोसचा कोसा व्हायला कितीसा वेळ लागणार? फादर 'कोसाफादर' झाले. त्यांना पहिले काही महिने वाटत होतं, ही कुठली तरी मानाची पदवी असावी.

गावाला बरं करण्याचं काम मिशनचं होतं. मिशनला बरं करण्याचं काम कोणी वाटून दिलं नव्हतं. ते कौशल्याबाईंनी घेतलं. फादर-सिस्टरांची घरची माणसं हजार मैलांवर, मध्ये नदी, आणि दुसऱ्यांच्या तापाला धावणाऱ्यांना स्वतःचा ताप सांगायची लाज. पावसाळ्यात सिस्टरांच्या पायांच्या बोटांत चिखल्या होत, त्या कोणाला दाखवायच्या नाहीत. कौशल्याबाई चालीवरून ओळखत आणि तेल-हळदीची वाटी घेऊन दारात बसत. फादरांना हिवताप भरला, की त्यांच्यावर घरच्या दोन गोधड्या टाकून गोधडीच्या कडेवर स्वतः बसत. कारण फादरांना तापातसुद्धा उठून प्रार्थनेला जायची खोड होती.

मग फादरांना साखर निघाली. त्या वेळच्या सिस्टर रोझलिन पक्क्या शिकलेल्या नर्स होत्या. बोलायला कडक, हाताला हलक्या. विळा लागलेल्या कितीतरी बोटांना त्यांनी टाके घातले होते. त्यांनी फर्मावलं, भात बंद. एक केरळचा माणूस, दुसरी धानाच्या देशातली बाई. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसा काही कोणी श्वास बंद करायला सांगितला आहे. शेवटी तडजोड झाली ती एका मुठीवर. मूठ कौशल्याबाईंची धरायची, असं फादर घाईघाईत कबूल करून बसले. कौशल्याबाईंचा हात केवढा आहे, हे त्यांनी नंतर पाहिलं.

पुढे त्यांना नेमक्या जेवणाच्या वेळी लोकांच्या घरी जाऊन आशीर्वाद द्यायची हुक्की यायला लागली. कौशल्याबाईंनी घरोघर ताकीद दिली. तरी एकदा मारोतरावांच्या ओसरीवर फादर बुंदीच्या लाडवासकट सापडले. कौशल्याबाईंनी लाडू हातातून काढून घेतला आणि मारोतरावांच्या नातवाला दिला.

"एकच होता, कौशल्याबाई," फादर म्हणाले.

"पापाचं तुमी पाहा फादरजी, साखरेचं मी पायते."

अशी ती वाटणी होती, आणि ती चालली होती.

*

मग सिस्टर रोझलिनची बदली झाली. मिशनमधली बदली म्हणजे सकाळी निरोप आणि दुपारी डोंगा. दवाखान्याला कुलूप लागलं. आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर यायचे तेवढाच वेळ ते निघे. फादर रोज चर्चच्या पायरीवर, जिथे फोनला रेंज मिळते तिथे बसून 'सिस्टर पाठवा, सिस्टर पाठवा' असं वरच्यांना सांगत. ते सगळ्या टापूने ऐकलं होतं.

दिवाळी झाल्यावर सिस्टर आली. सिस्टर टीना. वय कोवळं, चेहरा गोल, मराठी शून्य, हिंदी मोडकी. तिच्याबरोबर डोंग्यात कापडाने झाकलेली एक जड वस्तू होती. सेवकराम आणि आणखी एक गडी दोघांनी मिळून ती उतरवली. "तपासाची मशीन असन," सेवकरामांनी घाटावर जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी कापड निघालं, तर खाली शिलाई मशीन. कोणाला काही वाटलं नाही. सिस्टर झाली म्हणून काय तिने सदऱ्याला बटण लावू नये?

पण मुख्य बोलणं घाटावरच होऊन गेलं होतं. बाया जमल्या होत्या. त्यांच्या वतीने कौशल्याबाई पुढे झाल्या आणि आपल्या हिंदीत त्यांनी परीक्षा घेतली.

"सिस्टर, तुमको सुई आती क्या?"

"हाँ मौसी," सिस्टर टीना हसली, "सुई तो मेरा रोज का काम है."

"अन् टाके?"

"टाँके भी. सब टाइप के."

कौशल्याबाई बायांकडे वळल्या. "सुई बी येते अन् टाके बी येतात. सगळ्या परकारचे!"

बायांच्या माना डोलल्या. बाजूला उभ्या फादरांना तेव्हा एकदम खोकला आला. कौशल्याबाईंनी मिशनमध्ये पोचल्या पोचल्या त्यांना आल्याचा काढा करून दिला.

आपल्याकडे दवाखान्यात पांढऱ्या कपड्यातली जी बाई असते तिला सिस्टर म्हणतात. चर्चमध्ये गळ्यात क्रूस घालून जी असते तिलाही सिस्टरच म्हणतात. सावरटोल्याने आजवर ज्या पाहिल्या, त्या दोन्ही होत्या. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला टापूवर कोण होतं? एकच माणूस होता, आणि तो काढा पीत होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढे रांग लागली. सिस्टर टीनाला वाटलं, आपल्या शिवणवर्गाला बाया आल्या. पहिल्या बाईने बाही वर करून दंड पुढे केला. सिस्टरने दंडाचं माप घेतलं. बाई खूश झाली. रोझलिन सिस्टरने कधी इतकं बारकाईने तपासलं नव्हतं.

दोन-चार दिवसांत सिस्टरच्या लक्षात आलं की काही तरी भलतंच चाललंय. ती फादरांकडे गेली. काय बोलणं झालं ते दोघांनाच ठाऊक. पण दवाखाना चालू राहिला. बटण दाबलं की चालणारं रक्तदाबाचं यंत्र होतं, ते सिस्टर लावी. तापाला तापाची गोळी, जुलाबाला साखर-मिठाचं पाणी, आणि बाकी सगळ्याला "डॉक्टर आएँगे तब". शिवाय ती माणसाचं ऐकून घेई. पोरीच्या लग्नापासून सुरू झालेली पाठदुखी ती शेवटपर्यंत ऐके, मध्ये डोळ्यांत पाणीही आणी. लोक म्हणायला लागले, आधीची चांगली होती, पण हिच्या हाताला गुण आहे.

कौशल्याबाईंना एकच गोष्ट खटकली. फादरांना रोज सकाळी पोटात इन्सुलिनची सुई घ्यावी लागे. सिस्टर रोझलिन ती स्वयंपाकघराच्या दारातच देत असत. आता फादर खोलीत जात, दार लावून घेत आणि स्वतःच टोचून घेत.

"घरात सिस्टर असून सोताच टोचून काहून घेता जी?"

"सवय करतोय," फादर म्हणाले. "तिला कशाला त्रास?"

माणूस किती दुसऱ्याचा विचार करतो, म्हणून कौशल्याबाईंनी ती गोष्ट घाटावर कौतुकाने सांगितली.

*

भूपेंद्र चिखला गावच्या खाणीत कामाला आहे, तिथल्याच कॉलनीत राहतो. सून तृप्ती साकोलीची. तिला दिवस गेले, तेव्हा कौशल्याबाईंनी तिला खाणीच्या धुळीतून टापूवर आणलं. पण पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. सातवा लागला तशा तृप्तीच्या आई शकुंतलाबाई ओटी भरायला आणि पोरीला घेऊन जायला डोंग्यातून आल्या. साकोलीच्या स्टँडजवळ त्यांचं कापडाचं दुकान आहे. बोलणं गोड, पण मीटरवर मोजलेलं.

"इहीनबाई, आता पोरगी नेतो म्हणते मी. आमच्या घरापुढंच दवाखाना आहे, मोठा."

"तुमच्या घराच्या पुढी आहे, माह्या त घरातच आहे," कौशल्याबाई म्हणाल्या. "रोज सकाळी सिस्टर येते, पोटाले हात लावून जाते. साकोलीची डॉक्टरीन येते का घरी?"

"थे खरं आहे. पण मधी नदी आहे नं बाई."

"नदी आहे त डोंगा आहे. डोंगा घरचा, नावाडी घरचा. वेळ आली का सिस्टर संगं बसन. माही जबान घ्या. तुमच्या पोरीच्या केसाले धक्का लागला त मले इचारा."

पहिल्या बाळंतपणाचा मान सोडणं सोपं नसतं. चार लोक विचारतात. शेवटी शकुंतलाबाईंनी मिशनच्या व्हरांड्यात पेपर वाचत बसलेल्या फादरांना गाठून विचारलं, "फादरजी, तुमी शिकलेले माणूस. तुमी सांगा, ठेवू का?"

फादरांनी पेपर खाली केला. सिस्टर टीना दारात उभी होती, तिने त्यांच्याकडे पाहिलं. फादर म्हणाले, "इतकी वर्षं कौशल्याबाईंनी मला जगवलं. सुनेला नाही का जगवणार?"

सगळे हसले. शकुंतलाबाईही हसल्या आणि एकट्याच डोंग्यात बसल्या.

सिस्टर रोज येत राहिली. तृप्तीच्या पोटावर हात ठेवी, डोळे मिटी आणि म्हणे, "अच्छा है, अच्छा है." कौशल्याबाईंना वाटे, ती बाळाचे ठोके मोजते आहे. ती देवाची करुणा भाकत होती. भंडाऱ्याला पोटाचा फोटो काढायला दुसऱ्यांदा जायचं होतं, पण तेवढ्यात धानाचा रोवणा लागला. सगळा टापू गुडघाभर चिखलात उतरला, नदी चढली, डॉक्टरांचीही खेप चुकू लागली, आणि 'सिस्टर पाहून राहिली नं' म्हणून ते जाणं राहून गेलं. असं म्हणणाऱ्या कौशल्याबाईच होत्या.

*

एके दुपारी फादरांची भाकर तव्यावर असताना शेजारची बाई बांधावरून ओरडत आली. तृप्तीचं पाणी गेलं होतं. दिवस भरायला अजून अवकाश होता. कौशल्याबाई दवाखान्यात धावल्या. सिस्टर मशीनवर बसली होती. पायाशी झबली-टोपड्यांची रास, तृप्तीच्याच बाळासाठी.

"चला सिस्टर, वेळ आली."

सिस्टर उठली नाही. तिचा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच राहिला.

"चला नं!"

"मौसी, मुझे नहीं आता."

"का नही आता?"

"मैं सिस्टर हूँ," तिला रडू फुटलं, "लेकिन वो वाली सिस्टर नहीं हूँ."

"मंग टाके?"

सिस्टरने मांडीवरचं झबलं उचलून दाखवलं.

कौशल्याबाईंना त्या वेळी एवढंच सुचलं, की तव्यावरची भाकर करपत असेल. मग त्या वळल्या आणि घाटाकडे पळाल्या.

सेवकरामांनी त्या दिवशी डोंगा कसा नेला, हे ते सांगत नाहीत. "पाणी होतं," एवढंच म्हणतात. तृप्ती डोंग्याच्या तळाशी आडवी, तिच्यावर धानाची ताडपत्री. सिस्टर न बोलावता येऊन बसली आणि तिने तृप्तीचं डोकं मांडीवर घेतलं. मल्याळीत काही तरी पुटपुटत होती. कौशल्याबाई सुनेचा हात धरून नदीकडे पाहत बसल्या. सिस्टरकडे त्यांनी पाहिलं नाही. पलीकडे अँब्युलन्स उभी होती. ती थेट भंडाऱ्याला गेली.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली. वजनाला कमी, पण आवाजाला भरपूर. तृप्तीही वाचली. तोवर साकोलीहून शकुंतलाबाई येऊन पोचल्या होत्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या वैतागूनच.

"बाळ पायाळू होतं. पाय खाली, डोकं वर. इतके दिवस कोणाच्या लक्षात नाही आलं? तपासत कोण होतं?"

"सिस्टर," कौशल्याबाई म्हणाल्या.

"कुठली सिस्टर?"

कोपऱ्यातल्या बाकावरून सिस्टर टीना उभी राहिली. हातात जपमाळ, अंगावरचे कपडे चिखलाने माखलेले.

"तुमचं शिक्षण काय?"

"सिलाई," सिस्टर म्हणाली.

डॉक्टरीणबाई आत निघून गेल्या. शकुंतलाबाई काही ओरडल्या-बिरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कौशल्याबाईंना अजून वाटतं. त्या नुसत्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जबान घेतली होती मी तुमची, इहीनबाई."

दवाखान्यातून सुटी मिळाली तशी तृप्ती आणि बाळ साकोलीला गेली. ती अजून तिथेच आहेत. भूपेंद्र खाणीतून सुटीला निघतो, तो साकोलीच्या बसमध्ये बसतो.

*

कौशल्याबाई भंडाऱ्याहून परत आल्या, तेव्हा फादर घाटावर छत्री घेऊन उभे होते. त्या त्यांच्या बाजूने निघून गेल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन चूल पेटवली. फादर मागोमाग दारापर्यंत आले.

"कौशल्याबाई, देवाने वाचवलं."

"देवाचं राहू द्या जी. तुमाले मालूम होतं?"

फादर लाडवाच्या बाबतीत खोटं बोलत, बाकी कशात नाही. ते म्हणाले, "होतं."

"पयल्या दिवसापासून?"

"हो. तिने मला दोनदा सांगितलं, लोकांना खरं सांगू या म्हणून. मीच थांब म्हणालो. वाटलं, नर्स येईल, आज येईल, उद्या येईल." फादर चौकटीला धरून बोलत होते. "दवाखाना बंद दिसला असता, तर वरच्यांनी मिशनला कुलूप लावलं असतं. मला म्हाताऱ्या फादरांच्या घरी पाठवलं असतं, केरळात. तिथे आता मला कोण ओळखतं? माझं सगळं इथे आहे, कौशल्याबाई. तुमची ती मूठभर…"

"सोताच्या पोटाले तुमी थिले सुई लावू देली नाई," कौशल्याबाई म्हणाल्या. चुलीकडे तोंड करूनच. "दार लावून टोचून घेत होते. अन् माह्या सुनेच्या पोटाले थिचा हात रोज लागत होता, तवा तुमी व्हरांड्यात बसून पेपर वाचत होते."

फादरांनी सांगितलं की आपलं चुकलं. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, शेवटी मल्याळीतही काही तरी म्हणाले. कौशल्याबाईंनी जाळ पुढे सारला.

त्या दिवसापासून त्या फादरांशी बोलत नाहीत. काम सोडलेलं नाही. पहाटे येतात, पाणी तापवतात, भाकर टाकतात, मूठ भात मोजतात. सांगायचं असलं तर मांजराला सांगतात. "काही जणाइच्या भाकरी झाल्या म्हना." मांजर हलत नाही, फादर येऊन बसतात. गेल्या खेपेला डॉक्टरांनी तपासलं, तर साखर एकदम आटोक्यात. काय करता, म्हणून त्यांनी आश्चर्याने विचारलं. अबोला हे पथ्य डॉक्टरांच्या पुस्तकात नसावं.

सिस्टरशी मात्र त्या बोलतात. "थे त लेकरू होय. थिनं सुई म्हनलं, मी सुई आयकलं." सिस्टर आता उजळ माथ्याने शिवणवर्ग चालवते. टापूवरच्या बाया झंपर शिवायला शिकल्या आहेत. दवाखाना डॉक्टर येतात त्या दिवशीच उघडतो, आणि मिशनला अजून कोणी कुलूप लावलेलं नाही. लागणारही नव्हतं, असं आता फादर स्वतःच सांगतात.

कधी कधी भूपेंद्र साकोलीहून फोनवर पोरीचा चेहरा दाखवतो. रेंज चर्चच्या पायरीवरच, आणि तिथे फादर बसलेले असतात. कौशल्याबाई फोन घेऊन पायरीच्या खाली पाठ करून उभ्या राहतात. फादर उठून आत जातात. मग त्या पायरीवर बसतात आणि नातीशी बोलतात. नात फोन चाटायला बघते. कोणी तरी तिला उचलून नेतं, तेवढ्यात शकुंतलाबाईंचा पदर दिसतो आणि फोन बंद होतो.

*

फादर आणि मी भंडाऱ्याच्या एकाच साखरेच्या डॉक्टरांकडे जातो. बाकावर बसून ओळख वाढली, आणि त्या ओळखीवर त्यांनी मला टापूवर कशासाठी बोलावलं होतं, हे मला हाताला टाके पडून परत आल्यावर कळलं.

"तुम्ही बाहेरचे आहात," ते म्हणाले. "तुमचं ऐकतील. एकदा सांगून बघा."

मी स्वयंपाकघरात गेलो. फादर दाराबाहेर थांबले. त्यांची सावली तेवढी उंबऱ्यावर पडली होती. कौशल्याबाई भाकर थापत होत्या. बांधलेला हात छातीशी धरून मी पाटावर बसलो आणि जमेल तेवढ्या गोडव्याने सुरुवात केली. माणूस म्हातारा आहे, एकटा आहे. भीतीपोटी केलं, दुष्टपणाने नाही. रात्री झोप लागत नाही त्यांना. कौशल्याबाईंनी भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मला वाटलं, ऐकून घेताहेत. तेव्हा मी हुकमाचं पान काढलं.

"आणि मावशी, त्यांनी तुमच्यासमोर उभं राहून चूक कबूल केली. त्यांच्या धर्मात तर माणसाने मनापासून कबूल केलं, की त्याला माफी मिळते."

कौशल्याबाईंनी भाकर उलटली.

"मिळत असन जी त्याइच्या धर्मात; मी कुठी त्याइच्या धर्मातली आहो?"